कॅमेरा आपला, किल्ली फिटरची

मागच्या हिवाळ्यात अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी थोरल्या चुलतभावाकडे, म्हणजे आप्पांकडे, चार कॅमेरे बसले. निमित्त कापसाचे होते. भाव वाढेल या आशेने वेचलेला कापूस पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत भरून ठेवणे ही खान्देशातल्या अनेक घरांची रीत आहे, आणि त्यावर लक्ष राहावे म्हणून आप्पांनी तालुक्याहून फिटर बोलावला. मुलगा हुशार आणि कामाला चपळ होता. अडीच तासांत त्याने वायरी ओढल्या, डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, टीव्हीखालच्या फळीवर ठेवून वायफायच्या राऊटरला जोडला, स्वतःच्या मोबाईलवरच्या ॲपमधून तो ‘ऑनलाईन’ केला आणि तेच ॲप आप्पांच्या मोबाईलमध्ये टाकून दिले. पासवर्ड काय ठेवला, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “सगळ्यांचा एकच ठेवतो भाऊ, म्हणजे विसरायचं काम नाही. काही अडचण आली तर मी तिकडूनच बघून घेतो.” कसे बघतो हे दाखवण्यासाठी त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. पडद्यावर चौकोनांची जाळी होती; कुठे दुकान, कुठे गोदाम, कुठे घर. त्याने एक चौकोन दाबला आणि कुठल्याशा गावातल्या ओसरीवर सूप घेऊन ज्वारी पाखडत बसलेली एक बाई दिसली. तिने कोंडा फुंकला, पदर सारखा केला आणि उठून आत गेली. आम्ही दोघे, तिला पूर्ण अनोळखी असलेली माणसे, ते तीस-पस्तीस किलोमीटरवरून पाहत होतो.

त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हते. त्याच्या दृष्टीने ती विक्रीनंतरची सेवा होती आणि गिऱ्हाईकही तिच्यावर खूश होते. पण घरातल्या इंटरनेटला असलेला धोका म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे परदेशातल्या अंधाऱ्या खोलीत बसलेला हॅकर येतो, आणि प्रत्यक्षात घराची किल्ली मात्र कोणी न चोरता, चहापाणी घेऊन, राजीखुशीने दुसऱ्याच्या खिशात गेलेली असते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की राऊटर, कॅमेरे आणि घरातली इतर ‘स्मार्ट’ उपकरणे सुरक्षित ठेवण्याचा भार केवळ घरमालकाच्या सावधगिरीवर टाकणे अन्यायाचे आहे आणि निरुपयोगीही आहे. ज्याने वस्तू बनवली, ज्याने विकली आणि ज्याने भिंतीवर बसवली, त्यांच्यावर पहिली जबाबदारी कायद्याने आली पाहिजे, आणि पासवर्ड मालकाच्या हाती पडेपर्यंत विक्री पुरी झाली असे मानता कामा नये.

सध्या चालते ते उलटे. आमच्याकडच्या कितीतरी गावांत नळाला चार-सहा दिवसांआड पाणी येते, म्हणून घरोघरी ड्रम आणि टाक्या भरलेल्या असतात. पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले की आरोग्य कर्मचारी बॅटरी घेऊन येतात, ड्रममध्ये अळ्या शोधतात आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे बजावून जातात. सल्ला शंभर टक्के बरोबर असतो, पण ड्रम तिथे का आहे, हा प्रश्न त्या भेटीत कोणी काढत नाही. सायबर सुरक्षेच्या जनजागृतीचेही असेच आहे. पासवर्ड बदला, अपडेट करा, अनोळखी लिंक उघडू नका, असे फलक बसस्थानकापासून बँकेपर्यंत लागलेले आहेत. मात्र ज्या डब्याचा पासवर्ड बदलण्याचा अधिकारच घरमालकाकडे नाही, किंवा ज्या कॅमेऱ्याचे अपडेट कंपनीने कधी काढलेलेच नाही, त्याचे त्याने काय करायचे, हे त्या फलकावर नसते.

हा तर्क कागदी नाही, हे २०१६ सालीच दिसले. त्या वर्षी ‘मिराई’ नावाचा एक प्रोग्राम इंटरनेटवर फिरू लागला. त्याची युक्ती अगदी साधी होती. समोर येईल त्या उपकरणाचे दार ठोठवायचे आणि कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या एकेक करून लावून पाहायच्या. एवढ्यावर जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर त्याच्या ताब्यात गेले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या उपकरणांनी मिळून डाइन (Dyn) या कंपनीवर मागण्यांचा मारा केला; संकेतस्थळांची नावे पत्त्यांत बदलून देणे हे त्या कंपनीचे काम असल्यामुळे ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारखी स्थळे अमेरिकेच्या मोठ्या भागात कित्येक तास उघडेनात. मूळ प्रोग्राम लिहिणारे तिघे अमेरिकी तरुण होते, त्याची सुरुवात माईनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरांमधल्या चढाओढीतून झाली होती, आणि डिसेंबर २०१७ मध्ये त्यांची गुन्ह्याची कबुली जाहीर झाली. त्यांनी तो प्रोग्राम आधीच सर्वांना खुला करून टाकला होता, त्यामुळे त्याच्या पोटी जन्मलेली पिलावळ आजही फिरते आहे.

यात मला महत्त्वाची वाटते ती एक बारीक बाब. त्या कॅमेऱ्यांपैकी काहींमध्ये मालकाने पडद्यावरचा पासवर्ड बदलला तरी आतल्या दुसऱ्या दाराचा पासवर्ड बदलतच नसे. तो कारखान्यात कायमचा कोरलेला होता. बंद करून पुन्हा चालू केले की मिराई उपकरणाच्या स्मृतीतून पुसला जाई, पण दार तसेच उघडे असल्यामुळे काही मिनिटांत परत येई. अशा यंत्राच्या मालकाला जागरूकतेचे धडे देऊन काय उपयोग होता?

गावात हा विषय काढला की एक उत्तर ठरलेले असते: “आमना घरमा चोराले काय शे?” प्रश्न खोटा नाही. कापसाच्या खोलीपलीकडे आप्पांच्या घरात हॅकरला रस वाटावा असे खरोखर काही नाही. परंतु अशा हल्ल्यांत बहुतेक वेळा घरातली वस्तू नको असते, तर घराचा इंटरनेटवरचा पत्ता हवा असतो. तुमच्या राऊटरमधून दुसऱ्याने केलेला व्यवहार बाहेरच्या जगाला तुमच्या नावाने दिसतो, आणि ग्राहक म्हणून कागदपत्रे दिलेली असतात ती तुमची. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले तेव्हा स्फोटांच्या काही मिनिटे आधी पाठवलेला ई-मेल नवी मुंबईतल्या एका अमेरिकी रहिवाशाच्या वायफायवरून गेल्याचे निघाले. त्याचे वायफाय पुरेसे बंदिस्त नव्हते. त्यापलीकडे त्याचा त्या कटाशी संबंध नव्हता, तरीही चौकशीचा ससेमिरा त्याच्याच मागे लागला. तो परदेशी होता आणि वर्तमानपत्रांचे त्याच्याकडे लक्ष होते. पारोळ्यातल्या किंवा शहाद्यातल्या एखाद्या किराणा दुकानदाराच्या दारी पोलीस आले तर आपला राऊटर कोणी वापरला हे तो कसे सिद्ध करणार?

पुढे तर चोराने दार ठोठवण्याचीही गरज उरली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीच्या सायबर सुरक्षा कार्यालयाने सुमारे ३०,००० उपकरणांचे गुन्हेगारांशी असलेले संधान तोडले. ती डिजिटल फोटो फ्रेम आणि स्वस्त मीडिया प्लेअर यांसारखी होती आणि ‘बॅडबॉक्स’ नावाचा घातक प्रोग्राम त्यांत विक्रीपूर्वीच भरलेला होता. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने याच जातीच्या अँड्रॉइड टीव्ही बॉक्सांबद्दल जाहीर इशारा दिला. खोके फोडण्याआधीच आजारी असलेली वस्तू घरी आणणाऱ्याला ‘तू काळजी घेतली नाहीस’ असे म्हणणे हा शुद्ध कांगावा आहे.

आणि चोरण्यासारखे काही नाही हे तरी पूर्ण खरे कुठे आहे? फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या शेजारच्याच गुजरातेत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील तपासणीच्या खोलीतले चित्रण समाजमाध्यमांवर विकले जात असल्याचे उघड झाले. पकडलेल्यांत आपल्या महाराष्ट्रातले तरुणही होते, आणि तपासात कारखान्यातून आलेला साधा पासवर्ड तसाच राहिल्याची गोष्ट पुढे आली. त्या स्त्रियांनी कोणता पासवर्ड बदलायचा होता? कॅमेरा त्यांचा नव्हता, राऊटर त्यांचा नव्हता, त्या फक्त त्याच्या टप्प्यात होत्या. वैयक्तिक सावधगिरीचा उपदेश इथे पार लंगडा पडतो, कारण नुकसान सोसणारा आणि यंत्राचा मालक ही दोन वेगळी माणसे आहेत. सूप घेऊन बसलेल्या त्या बाईलाही कॅमेरा बसवताना कोणी विचारले असेल असे मला वाटत नाही.

आता घरमालकाच्या हाती प्रत्यक्ष काय असते ते पाहू. गावोगावी फायबर पोचले ते बहुधा स्थानिक केबलवाल्याच्या हातून. तो भिंतीवर वायफायचा डबा लावतो, घरच्या कोणाचा तरी मोबाईल नंबर हाच पासवर्ड ठेवतो आणि निघून जातो. डब्याच्या आतल्या व्यवस्थापनाचा पासवर्ड वेगळा असतो आणि तो बहुतेकदा सेवा देणाऱ्याकडेच राहतो. दुरून दुरुस्ती करता यावी म्हणून ते सोयीचेही आहे. पण मग त्या डब्याचे फर्मवेअर जुने झाले, म्हणजे त्याच्या आतल्या मूळ प्रोग्रामातल्या भेगा जगजाहीर झाल्या, तरी मालक त्या बुजवू शकत नाही. बाहेरच्या कोणी त्यात शिरून संकेतस्थळांची नावे पत्त्यांत बदलणाऱ्या सेवेचा क्रमांक बदलला, तर घरातला मोबाईल बँकेऐवजी दुसऱ्याच दारी नेऊन सोडला जाऊ शकतो आणि घरच्यांना फार तर नेट हळू झाल्यासारखे वाटते.

हे प्रकरण आता केवळ बंगल्यांचे राहिलेले नाही, हे शहरातल्या वाचकांनी लक्षात घ्यावे. शेतीची थ्री फेज वीज पाळीने, बऱ्याचदा रात्री येते, म्हणून विहिरीवरच्या मोटरीला सिमकार्ड घातलेला मोबाईल स्टार्टर बसवण्याची पद्धत आमच्याकडे केव्हाच रुळली आहे. त्या सिमचा नंबर आणि पिन ज्याला माहीत, तो कुठूनही मोटर सुरू करू शकतो. आणि तो पिन भावाला, सालदाराला, स्टार्टर विकणाऱ्याला, कधी कधी शेजारच्या बांधालाही ठाऊक असतो. भाऊबंदकीच्या वादात रात्रभर कोरडी फिरून जळलेली मोटर हाही सायबर हल्लाच म्हणावा लागेल, फक्त तो कोणत्याच नोंदीत बसत नाही. सायबर फसवणुकीसाठीची १९३० ही हेल्पलाईन खात्यातून पैसे गेले तर उपयोगी आहे आणि लगेच फोन केला तर ती रक्कम अडवूही शकते. परंतु ओसरीवरच्या चित्रणाला किंवा परक्याच्या हाती गेलेल्या राऊटरला रुपयांत आकडा नसतो.

शेतकऱ्याला लेबल वाचता येत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी जून महिन्यात कृषी सेवा केंद्राच्या ओट्यावर तासभर बसावे. कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटावर लॉट नंबर काय, चाचणीची तारीख कोणती, मुदत कधीपर्यंत, उगवण किती, हे माणसे उलटून पालटून पाहतात. आणि बियाणे उगवले नाही तर तक्रार करता यावी म्हणून रिकामे पाकीट व पावती हंगाम संपेपर्यंत खुंटीला टांगून ठेवतात. ही सवय उपदेशाने लागलेली नाही. १९६६ च्या बियाणे कायद्याने ती माहिती छापणे बंधनकारक केले आणि तपासणी लावली, १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाने विक्रेत्याला परवाना लावला, म्हणून वाचण्यासारखे काही पाकिटावर आले. तीच गोष्ट फ्रिजवरच्या ताऱ्यांची. २००६ मध्ये ही तारांकित लेबले सुरू झाली आणि आता घरातली आजीसुद्धा पाच तारे आहेत का, असे विचारते. कॅमेऱ्याच्या खोक्यावर मात्र किती मेगापिक्सेल आणि रात्री रंगीत दिसते की नाही एवढेच असते. हा कॅमेरा कोणत्या वर्षापर्यंत सुरक्षेचे अपडेट घेत राहील, म्हणजे त्याची खरी मुदत केव्हा संपते, याचा पत्ता नाही.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. ९ एप्रिल २०२४ रोजी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या अटी अनिवार्य केल्या आणि एप्रिल २०२५ पासून त्यांची अंमलबजावणी सुरू झाली. हे पाऊल मोठे आहे आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. पण ते कारखान्याच्या दारापर्यंत जाते. आधीच भिंतींवर टांगलेल्या कॅमेऱ्यांना, आणि फिटरच्या ‘सगळ्यांचा एकच’ या पद्धतीला ते शिवत नाही. शिवाय घरातले स्मार्ट प्लग, बल्ब, कुलपे आणि टीव्ही बॉक्स हे कॅमेरे नव्हेत. त्यांच्यासाठी दूरसंचार विभागाच्या अभियांत्रिकी केंद्राने २०२१ मध्ये आचारसंहिता काढली, पण ती सल्ल्याच्या स्वरूपाची. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूंना सरसकट एकच पासवर्ड देण्यास बंदी आहे, आणि अपडेट किती काळ मिळतील हे विकतानाच सांगावे लागते. सिंगापूरने ऑक्टोबर २०२० पासून चार पायऱ्यांचे लेबल आणले आणि सुरुवात वायफाय राऊटरपासून केली. युरोपीय संघाचा अधिक व्यापक कायदा डिसेंबर २०२७ पासून पूर्णपणे लागू व्हायचा आहे.

आपल्याकडे यासाठी नवे खाते उघडायची गरज नाही. वैधमापनशास्त्राचे २०११ चे आवेष्टित वस्तूंचे नियम आधीच किंमत, वजन आणि उत्पादकाचा पत्ता छापायला लावतात. त्यातच ‘सुरक्षा अपडेट अमुक महिन्यापर्यंत’ अशी एक ओळ वाढवता येईल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाबद्दल निर्मात्याला आणि विक्रेत्याला जबाबदार धरण्याची तरतूद आहे, आणि पासवर्ड मालकाच्या हातून न बदलवता कॅमेरा सोडून जाणे ही सेवेतली त्रुटी समजली जावी, असे स्पष्ट केले तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार प्रत्येकाला उघडे राहील. बसवणाऱ्याने पावतीच्या मागे चार ओळी लिहून द्याव्यात: पासवर्ड मालकाने ठेवला, माझे खाते काढले, उपकरण अमुक, अपडेट अमुक तारखेचे. सोनाराच्या पावतीवर वजन आणि शुद्धता लिहिलेली नसेल तर जळगावच्या सराफ बाजारात कोणी पैसे मोजत नाही. या पावतीवर एवढी अपेक्षा जास्त नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप किमतीचा आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. स्वस्त कॅमेऱ्यामुळेच टपरीवाल्याला आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आधार मिळाला. प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड देण्याचा खर्च एका स्टिकरएवढा असेल, पण पाच-सात वर्षे अपडेट पुरवायला माणसे पोसावी लागतात आणि तो पैसा शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जाणार. तरीही आज तो खर्च नाहीसा झालेला नसून राजकोटच्या रुग्णांच्या किंवा पत्ता वापरला गेलेल्या दुकानदाराच्या माथी मारला गेला आहे, आणि त्यांना तो कोणी विचारून लावलेला नाही. दुसरा आक्षेप फिटरांच्या पोटाचा. आयटीआय करून मोटरसायकलवर शिडी बांधून फिरणाऱ्या या मुलांवर दंडाचा बडगा नको, हे मलाही मान्य आहे. त्यांना दोन दिवसांचे प्रशिक्षण आणि एक प्रमाणपत्र देणे तालुक्याच्या आयटीआयला अवघड नाही, आणि दंड हवाच तर तो उघड्या दाराचे यंत्र आयात करणाऱ्याला असावा.

कायदा येईपर्यंत घरच्यांनी हातावर हात ठेवून बसावे असेही माझे म्हणणे नाही. श्रावणात कानबाई बसते तेव्हा सुरतेहून, पुण्याहून सगळे भाऊबंद घरी येतात, रोट खातात आणि जाताना प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये घरच्या वायफायचा पासवर्ड घेऊन जातात. बहुतेक राऊटरांत पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क करण्याची सोय असते. पाहुण्यांना ते द्यावे, आणि राऊटर परवानगी देत असेल तर कॅमेरे, टीव्ही, प्लग हेही त्यावरच ठेवावेत, म्हणजे त्यातले एखादे बिघडले तरी बँकेचा व्यवहार होणाऱ्या मोबाईलपर्यंत ते पोचणार नाही. केबलवाल्याकडे व्यवस्थापनाचा पासवर्ड मागावा, निदान बाहेरून आत शिरण्याची सोय आणि बटण दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस ही पद्धत बंद करून घ्यावी. कॅमेऱ्याची नजर दारावर आणि मालावर असावी, माणसे उठतात-बसतात तिथे नको. पासवर्ड लांब ठेवून कागदावर लिहिला तरी चालतो, असे मी म्हटले की शहरातले जाणकार दचकतात. पण इंटरनेटवरून दार ठोठवणाऱ्या प्रोग्रामला आमच्या लोखंडी पेटीतली सातबाऱ्याची फाईल उघडता येत नाही.

आप्पांच्या घरी त्या दिवशी आम्ही हेच केले. अहिराणीतले एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द निवडले, फिटरचे खाते डीव्हीआरमधून काढायला लावले आणि कागद फाईलमध्ये ठेवला. मुलाने कुरकुर न करता सगळे केले, मात्र “आजपर्यंत कोणी असं मागितलं नाही” एवढे म्हणाला. दीड महिन्याने डीव्हीआरचे रेकॉर्डिंग थांबले, तेव्हा त्याला प्रत्यक्ष यावे लागले आणि फेरीचे तीनशे रुपये त्याने घेतले. त्याबद्दल आप्पांनी मला फोनवर चांगलेच सुनावले. त्याच फेरीत त्याने शेजारच्या घरी दोन कॅमेरे बसवले आणि, बहुधा आमच्याकडचा अनुभव आठवून, पासवर्ड कोणाकडे ठेवायचा असे त्याने आपण होऊन विचारले. शेजारी कापसाच्या गाडीचे माप घेण्यात गुंतला होता. मान वर न करता तो म्हणाला, “तुनाजोडेच ऱ्हाऊ दे रे भाऊ.”